आजीच्या माहेरी जाण्याआधी

माझे आजोबा अँग्लो-इंडियन, भुसावळला इंजिन ड्रायव्हर. आजी खानदेशातल्या शेतकरी घरातली. आजोबांकडची वंशावळ कागदांवरून लागते. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आजीचं मात्र नुसतं ख्रिस्ती नाव. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. राज्यघटनेच्या ३६६(२) कलमातली अँग्लो-इंडियनची व्याख्यासुद्धा बापाकडूनच वंश धरते. म्हणून मिश्र घरातल्यांनी बाईकडची बाजू आधी शोधावी. ती कागदात नसते, माणसांच्या आठवणीत असते, आणि माणसं थांबत नाहीत.

गाव आत्यामुळे सापडलं. तिथे चहा झाला, आणि वडिलांच्या मामेभावाच्या मुलाने विचारलं, "सातबाऱ्यावर नाव लावायचंय का?" पुढे कुणी बोलेना. मला लागलं, पण त्याचा संशय वावगा नव्हता. २००५च्या कायद्याने लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, तेव्हापासून बहिणींच्या हक्कसोडपत्रावरून किती घरं फुटली ते गावोगाव ठाऊक आहे. तेव्हा अचानक दारात उभे राहू नका. गावातल्या विश्वासाच्या माणसाकडून आधी निरोप धाडा, जमिनीशी संबंध नाही हे पहिल्या वाक्यात सांगा, सोबत घरातली वडीलधारी बाई न्या.

पुढच्या खेपेला मी आत्याला नेलं. आजीची म्हातारी भावजय तिचा हात धरून बसली. आजीचं नाव कौतिक, हे तिने सांगितलं. कौतिक घर सोडून गेली तेव्हा घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती, हेही सांगितलं. असं काही ऐकायची तयारी ठेवून जा. तिथे जाब विचारू नका. ज्यांनी ते केलं ते आता नाहीत, आणि समोरचं माणूस तुमच्यासाठी जुनी जखम उघडत असतं.

डीएनए चाचणीवर फार विसंबू नका. तिच्यातली टक्केवारी अंदाजाची असते, कंपनीकडची माहिती वाढली की बदलते. गाव किंवा घर ती सांगत नाही. उलट लपवलेलं नातं उघड करू शकते. भावंडांना विचारल्याशिवाय नमुना पाठवू नका.

घरात सत्तरी ओलांडलेली आत्या किंवा मावशी असेल, तर येत्या रविवारीच तिच्यापाशी वही घेऊन बसा. आजीचं लग्नाआधीचं नाव काय, हे सगळ्यात आधी विचारा.