पहिल्या घराची दुरुस्ती : खर्चाचा क्रम

पहिले घर विकत घेताना बहुतेक कुटुंबांची शिल्लक संपत येते. अशा वेळी दुरुस्तीचा क्रम चुकला, तर नवे कर्ज काढण्याची पाळी येते. दादरा व नगर हवेलीतील खडोलीसारख्या गावी जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस जोराने कोसळतो. म्हणून पहिला खर्च छपराचा करावा. कौले, वासे व पन्हळी यांची पाहणी उन्हाळ्यातच उरकावी. त्यानंतर विजेच्या तारा पाहाव्यात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण ही चैन नव्हे. त्याने प्राण वाचतात. तिसरा क्रम शौचालय व सांडपाण्याचा, मग गिलाव्याचा. रंग सर्वांत शेवटी, कारण ओल्या भिंतीवर तो टिकत नाही.

उदाहरणार्थ, हाती ५०,००० रुपये असल्यास ५,००० अडीअडचणीसाठी बाजूस ठेवावेत. उरलेल्यांपैकी छपरास २०,०००, विजेस १०,०००, शौचालयास १०,००० व गिलाव्यास ५,००० असे वाटप करता येईल. घराच्या स्थितीनुसार हे आकडे बदलतील. क्रम मात्र बदलू नये. गवंड्यास पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत व पावत्या जपून ठेवाव्यात. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे. रंगाचा खर्च पुढील वर्षाच्या बचतीतून करणे हिताचे ठरेल.