औषधांनी माणसाची जात कमजोर होतेय का?

सिकलसेलच्या तपासणी शिबिरांत एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, पूर्वी अशी मुलं जगत नव्हती. आता औषधांवर जगतात, त्यांची लग्नं होतात, त्यांनाही मुलं होतात. मग हा आजार वाढतच जाणार ना? निसर्गाची चाळणी आपणच बंद पाडली की काय?’ विचारणारे बहुधा शिकलेसवरलेले असतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

निसर्ग ‘उत्तम’ माणूस निवडत नाही. त्या जागी, त्या परिस्थितीत ज्यांची मुलं जास्त जगतात, त्यांची जनुकं पुढे जातात, एवढंच. सिकलसेलचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तर मूल रुग्ण होतं; रिपोर्टवर ‘एसएस’ येतं. एकाकडूनच आलं तर ते वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत हे जनुक जास्त आढळतं, त्याची मुळंही मलेरियातच आहेत. म्हणजे ज्याला आपण खराब जनुक म्हणतो, ते निसर्गाच्या त्याच चाळणीने पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेलं आहे.

आता हिशेब पाहू. ज्या समाजात १०० मुलांमागे १ रुग्ण जन्मतो, तिथे साधारण १८ वाहक असतात. रुग्णाकडे सिकलसेलची २ जनुकं, प्रत्येक वाहकाकडे १. एकूण २० पैकी १८ जनुकं धडधाकट माणसांत आहेत! त्या एका रुग्णाला जगवल्याने समाजातलं जनुकांचं प्रमाण एका पिढीत फारसं हलत नाही. आणि उपचारांविना रुग्ण मरत होते, तेव्हाही हा आजार काही संपला नव्हता.

मग वैद्यकाचा निवडीवर परिणाम होतच नाही का? होतो, पण दोन्ही बाजूंनी. उपचारांमुळे रुग्णांची जनुकं पुढे जातात हे खरं. पण फवारणी, मच्छरदाण्या आणि औषधांनी मलेरिया हटला की वाहकांना मिळणारा फायदाही जातो, आणि हे जनुक अनेक पिढ्यांत हळूहळू मागे पडू शकतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात बदल होतो तो रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत. बीजपेशी तशाच राहतात, त्यामुळे बरा झालेला रुग्णही मुलांना ते जनुक देतोच.

तेव्हा मानवजातीची काळजी बाजूला ठेवा आणि घरातली तपासणी करून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. नळीतलं द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर चाचणी पॉझिटिव्ह. पण त्यावरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवू नका. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा.

लग्नाआधी दोघांचीही तपासणी व्हावी. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याची एचपीएलसी नॉर्मल असेल, तर खुशाल लग्न करा. मात्र दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. ‘पहिलं मूल रुग्ण निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं होत नाही. अशा जोडप्यांनी गरोदरपण ठरवण्याआधीच सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत करता येते. निर्णय मात्र त्या दोघांचा. वाहक मुलीचं लग्न मोडणं हा काही उपाय नव्हे.

घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी, वेळेवर लसीकरण आणि फोलिक अ‍ॅसिडकडे लक्ष द्या. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजून, तहान मारून काम केलं की हातपाय ठणकायला लागतात, ते टाळा. हायड्रॉक्सीयुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, पण मधूनमधून रक्त तपासून घ्यावं लागतं. मूल हवं असेल तर पती असो वा पत्नी, हे औषध चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. आणि १०१ च्या वर ताप, धाप, छातीत दुखणं किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.