जुने सॉफ्टवेअर : जपावे कसे, उतरवून घ्यावे कसे?

आपल्या समाजात छपाईचा धंदा करणारे बंधू पुष्कळ आहेत. लग्नपत्रिका, बिलबुके, मदरशांची पावतीपुस्तके अशी वीस-पंचवीस वर्षांची कामे त्यांच्या संगणकात साठलेली असतात. मराठी मजकूर पेजमेकरमध्ये, उर्दू मजकूर इनपेजमध्ये. एके दिवशी संगणक बंद पडतो, नव्या संगणकावर जुनी फाईल उघडत नाही आणि मग घाईघाईने इंटरनेटवर जुने सॉफ्टवेअर शोधले जाते. नुकसान होते ते या घाईत. म्हणून काही गोष्टी आम्ही क्रमाने मांडत आहोत.

जुनी फाईल का उघडत नाही?

पेजमेकर १९८५ साली आले. त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ साली निघाली. विंडोजच्या १६ बिटांच्या काळातले प्रोग्रॅम आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. शिवाय जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. तो फॉन्ट संगणकात नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून सॉफ्टवेअरइतकाच फॉन्टही जपला पाहिजे.

आधी घरातले सांभाळा

मूळ सीडी, फ्लॉपी, अनुक्रमांक, डोंगल आणि खरेदीचे बिल एका पाकिटात ठेवा. सीडी व फ्लॉपी कालांतराने खराब होतात. त्या वाचता येत आहेत तोवर त्यांची पूर्ण प्रत (सीडीची असल्यास आयएसओ फाईल) काढून दोन ठिकाणी ठेवा, एक दुकानात आणि एक घरी. सॉफ्टवेअर रीतसर घेतलेल्या माणसाला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढण्याची मुभा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे.

उतरवून घेताना

प्रथम मूळ कंपनीकडे चौकशी करा. तेथे न मिळाल्यास ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारखे नामांकित संग्रहालय पाहावे. १९९६ साली ब्रुस्टर काहल यांनी अमेरिकेत ते सुरू केले. परंतु तेथील पुष्कळ फाईली सर्वसामान्य लोकांनी चढविलेल्या असतात. संग्रहालय नामांकित म्हणून प्रत्येक फाईल निर्दोष, असे समजू नये. २०१७ साली सीक्लीनर या प्रोग्रॅमच्या खुद्द अधिकृत प्रतीतच चोरांनी घातक भाग घुसविला होता आणि तो सुमारे २२ लाख संगणकांत गेला. मग अनोळखी ठिकाणच्या मालाची हमी कोण देणार?

फाईलचा ‘शा-२५६’ हा ६४ खुणांचा आकडा दिला असेल तर आपल्या फाईलचा आकडा काढून ताडून पाहा. विंडोजमधील ‘सर्टयूटिल’ने तो निघतो. एक खूण जरी वेगळी निघाली तरी ती फाईल वापरू नका. मात्र आकडा जुळला म्हणजे वाटेत फेरफार झाला नाही, एवढेच कळते. मूळ फाईल स्वच्छ होती की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी व्हायरसची तपासणी वेगळी करावी. ‘अँटिव्हायरस बंद करा, मगच हे चालेल’ अशी सूचना दिसली की तेथूनच मागे फिरावे.

चालविताना

जुने सॉफ्टवेअर इंटरनेट नसलेल्या वेगळ्या संगणकावर चालवा, किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सोयीत इंटरनेटची जोडणी तोडून चालवा. डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स आहे. विंडोज एक्सपीचे सामान्य ग्राहकांसाठीचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. अशा संगणकावर बँकेचा किंवा जीएसटीचा व्यवहार मुळीच करू नये.

हलाल-हरामचा प्रश्न

‘कंपनीने विकणे सोडले, म्हणजे माल बेवारस’ असे काहीजण म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. विक्री थांबली तरी मालकी संपत नाही. शरीअतच्या दृष्टीनेही हा हक्क किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारनाम यांचे हक्क शरीअतने संरक्षित असून त्यांवर अतिक्रमण जाइज नाही, असा ठराव केला. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरची हरवलेली प्रत शोधणे वेगळे आणि ‘क्रॅक’ लावून फुकट धंदा करणे वेगळे. व्हायरसही बहुधा अशा क्रॅकमधूनच येतो.

शेवटचे आणि महत्त्वाचे

जुने सॉफ्टवेअर ही कुलपाची किल्ली आहे. आपला माल आत आहे. किल्ली सापडली की माल बाहेर काढा. पत्रिका व पावत्यांची पीडीएफ करून ठेवा, मराठी व उर्दू मजकूर युनिकोडमध्ये आणा, हिशेबाच्या वह्या छापून घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिलेले वेळेवर वाचता आले नाही, तर त्या लिहिण्याचा उपयोग काय? ग्राहकाचे काम आणि देणेकऱ्याचा हिशेब ही आपल्याकडील अमानत आहे. आपला जुना संगणक चालू आहे, तोवरच हे काम उरकून घ्यावे.