'कोकरू' : एका शब्दाचे अनेक अर्थ

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• एकाच शब्दाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ व व्यंग्यार्थ वेगळा ओळखणे.
• अर्थ आणि व्याकरणिक लिंग यांचा संबंध स्पष्ट करणे.
• आपल्या परिसरातील बोलीचा अर्थाभ्यासासाठी उपयोग करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, तासगाव परिसरातील आपल्यापैकी अनेकांनी सुगीनंतर मोकळ्या रानात बसवलेली मेंढरे पाहिली असतील. जमिनीला खत मिळावे म्हणून शेतकरी ती बसवून घेतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ या गावाच्या नावाने तर मेंढ्यांची एक जातच ओळखली जाते. अशा प्रदेशात 'कोकरू' हा शब्द कोशातून शिकावा लागत नाही. शब्दाचा अर्थ कसा विस्तारतो, हे पाहण्यास तो म्हणूनच सोयीचा आहे.

२. वाच्यार्थ

मेंढीचे पिल्लू ते कोकरू. शेळीचे करडू, गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू आणि घोडीचे शिंगरू. शहरात वाढलेला माणूस कोकरू व करडू यांत गल्लत करील; मेंढपाळ करणार नाही. "औंदा वीस कोकरं हाईत," असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ती पुढच्या वर्षीचा कळप आणि घरखर्चाची तजवीज असते. येथे शब्दाची अभिधा ही शक्ती कार्य करते.

३. लक्ष्यार्थ

दिवसभर चालून आलेल्या मुलीला जवळ घेत आई म्हणते, "माझं कोकरू दमलं गं!" मुलगी हे मेंढीचे पिल्लू नव्हे, म्हणजे मुख्यार्थाला बाध येतो. मग कोवळेपणा व परावलंबित्व या साम्याने आपण 'लाडके लहान मूल' हा अर्थ घेतो. ही साम्यावर आधारलेली लक्षणा होय.

येथे क्रियापदाकडे लक्ष द्या. दमणारी मुलगी आहे, तरी आई 'दमली' म्हणत नाही, 'दमलं' म्हणते. शब्द नव्या अर्थाकडे जाताना आपले नपुंसकलिंग सोबत नेतो. 'लेकरू', 'पाखरू', 'वासरू' या शब्दांतही हेच लिंग आहे.

ही देवघेव एकतर्फी नाही. मुलाच्या जन्मापासूनच्या केसांना आपण 'जावळ' म्हणतो. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीलाही 'जावळ' म्हणतात आणि त्या लोकरीची घोंगडी विशेष मानली जाते. मुलाला कोकराचे नाव मिळाले आणि कोकराला मुलाचे जावळ. ज्या घरात मूल व कोकरू एकाच उबेत वाढते, तेथील भाषेत हे स्वाभाविक आहे.

४. व्यंग्यार्थ आणि संदर्भ

"तो काय, अगदी गरीब कोकरू!" हे वाक्य साध्या माणसाविषयी आले तर त्यात कणव असते. तेच धूर्त माणसाविषयी आले तर उपरोध होतो. शब्द बदललेले नसतात. बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवरून अर्थ ठरतो. ही व्यंजना.

मराठी बायबलमध्ये येशूला उद्देशून 'देवाचा कोकरा' असा शब्दप्रयोग येतो. वल्हांडणाच्या यज्ञपशूची पार्श्वभूमी असल्याने तेथे निष्पापपणाला आत्मसमर्पणाची जोड मिळते. व्यक्तिवाचक उपाधी झाल्यामुळे रूपही पुल्लिंगी आहे. आईच्या 'कोकरू'त रक्षण करण्याची भावना आहे, तर येथे तोच प्राणी इतरांसाठी अर्पण होतो.

५. एक दक्षता

शिराळा तालुक्यात कोकरूड नावाचे गाव आहे. ऐकताच 'कोकरू' आठवते. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. जुन्या नोंदी व रूपे तपासल्याविना असे अनुमान ग्राह्य ठरत नाही.

६. समारोप

कोशात या शब्दापुढे बहुधा 'मेंढीचे पिल्लू' एवढेच आढळते. उरलेले अर्थ माणसांच्या तोंडी राहतात, आणि मेंढरामागे फिरणारी पिढी थकली की 'जावळा'सारखे अर्थ नोंदीविना विसरले जातात. घरची बोली 'अशुद्ध' समजून अनेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेबाहेर ठेवतात. अर्थविचारात मात्र तीच पुरावा असते. ती निःसंकोच लिहा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'माझं कोकरू दमलं' या वाक्यातील लक्षणा स्पष्ट करा.
२. 'कोकरू' व 'कोकरा' या रूपांतील अर्थभेद सांगा.
३. 'पाखरू' किंवा 'वासरू' या शब्दाचे आपल्या घरी ऐकू येणारे तीन प्रयोग लिहा आणि प्रत्येकातील शब्दशक्ती ओळखा.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ मेंढपाळाकडून मेंढ्या व लोकर यांविषयीचे दहा शब्द मिळवा; ते त्यांच्याच उच्चारात, त्यांच्याच वाक्यांसह नोंदवा.