पाणथळ जमिनीवरील बांधकाम

भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव या गावांतील मुलांस पाण्याचा काठ ठाऊक असतो; परंतु तो काठ एका जागी राहत नाही, ही गोष्ट पाठाच्या आरंभी त्यांच्याकडूनच वदवून घ्यावी. भीमेवरील उजनी धरणात १९८० साली पाणी साठू लागले. जलाशय पूर्ण भरला असता आणि उपयुक्त साठा संपला असता, या दोन पातळ्यांत सुमारे ६ मीटरांचा फरक पडतो. कडक उन्हाळ्यात पाणी त्याहूनही खाली जाते. जमीन सपाट असल्याने काठ दूरवर मागे सरतो आणि पळसदेवचे जलाशयात गेलेले प्राचीन मंदिर उघडे पडते.

आता विचारावे की, होडीत चढण्यासाठी येथे धक्का कोठे बांधावा? भाद्रपदातील काठावर बांधला तर वैशाखात तो कोरड्या रानात उभा राहील; वैशाखातील काठावर बांधला तर भाद्रपदात बुडेल. मुले बहुधा ‘उंच बांधा’ असे म्हणतील. ते उत्तर खोडून काढू नये. पाणी खाली गेल्यावर त्या उंचीवरून म्हातारी माणसे होडीत कशी उतरतील, एवढेच विचारावे. मग तोंडे बंद केलेल्या रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून केलेला तरंगता धक्का समजावून द्यावा. पाण्यासंगे तो चढतो व उतरतो. मात्र काठ फार दूर गेला की त्यासही ओढून नेणे भागच पडते.

दुसरी अडचण मातीची. थाळीत काळ्या मातीचा चिखल घेऊन त्यात काड्या रोवाव्यात व थाळी चार दिवस उन्हात ठेवावी. माती भेगाळते आणि काड्या कलतात. ओली झाली की हीच माती फुगते. म्हणून खांब या थरातून खाली मुरुमापर्यंत न्यावे लागतात. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली आहे.

मुरुमाचा भराव टाकणे सोपे खरे; पण भराव पाण्याची वाट अडवितो. निचरा न झाल्यास काय होते, हे बारामतीकडील मुलांस सांगावे लागत नाही. नीरा डाव्या कालव्याखालील चोपण रान त्यांनी पाहिलेले असते. खांबांवरील फळ्यांच्या वाटेखालून पाणी मोकळे राहते. तीही उथळ चिखलापर्यंत नेऊ नये, कारण रोहित पक्षी तेथेच चोचीने चिखल गाळून अन्न मिळवितात. पाहण्याचा मनोरा मागे, काठापासून दूर असावा.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जण बुडाले. वर्गात त्या बाजूची मुले असल्यास हा भाग जपून सांगावा. तथापि तो गाळू नये. होडीत पाय ठेवण्यापूर्वी आभाळ पाहणे व तरंगते जाकीट घालणे, ही दोन्ही कामे धक्क्यावरच करावयाची असतात.

काठाजवळ खुणा केलेली काठी रोवून दर सोमवारी शिक्षकांसमक्ष पाण्याची पातळी वहीत नोंदवावी. पाणी काठी सोडून गेले की नवी काठी रोवावी व तिची तारीख लिहावी.