इंजेक्शन लागू पडते, पण अंग पेटते त्याचे काय?



उसाच्या बिलाची किंवा तोडणीच्या पाळीची चौकशी करायला आलेला माणूस काम झाल्यावरही दारात घुटमळतो, आजूबाजूला कोणी नाही ना हे बघतो आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे करतो. असे अलीकडे आमच्या बाबतीत तीन वेळा घडले. तिन्ही कागद प्रोस्टेटच्या म्हणजे पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचे होते. विचारणा मात्र रोगाविषयी नव्हती. हार्मोनचे इंजेक्शन सुरू झाल्यापासून शरीराचे जे काही चालले आहे, ते कोणाला सांगायचे आणि त्यावर काय करायचे, हा प्रश्न होता. म्हणून या वेळचा आरोग्य-पाठ त्यावर घेतला आहे. पाठ पुरुषांच्या दुखण्याचा असला तरी घरातल्या बायकांनी तो जरूर वाचावा. का, ते पुढे कळेल.

तिघांपैकी एका सभासदांनी इंजेक्शन मधेच सोडले होते. आपण त्यांना आबा म्हणू. रक्तातला पीएसए हा आकडा पहिल्या सहा महिन्यांत एकच्या खाली आला, तेव्हा आबांनी रोग संपला असे धरले. वर दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा, रात्री गंजी भिजलेली, आणि मनाला लागलेली एक गोष्ट, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. दोन इंजेक्शने चुकवली. मग पाठ दुखू लागली. सरीला पाणी देताना पाय लटपटले, तेव्हा मुलाने गाडीत घालून नेले. उपचार पुन्हा सुरू झाला आणि आबा आज काठीवर का होईना चालतात. त्रास सोसवत नाही म्हणून औषध सोडायचे, की औषध चालू ठेवून त्रासावर इलाज करायचा, हा खरा मुद्दा आहे.

आधी हे इंजेक्शन करते काय ते समजून घेऊ. पौरुषग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स या शल्यचिकित्सकाने शिकागोमध्ये 1941 साली हे आपल्या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हाचा उपाय म्हणजे दोन्ही वृषण काढून टाकणे, किंवा स्त्री-संप्रेरकाचे औषध देणे. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया आजही होते. ती एकदाच करावी लागते आणि खर्चही कमी. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने तेच काम औषधाने करतात. ती महिन्याने, तीन महिन्यांनी, काही सहा महिन्यांनी घ्यायची असतात. सुरुवातीचे एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, म्हणून डॉक्टर काही दिवस बायकॅलुटामाइडची गोळी जोडीला देतात. ती गोळी 'जादा' समजून टाकू नये. डेगारेलिक्स नावाच्या इंजेक्शनात ही सुरुवातीची वाढ होत नाही.

शेतकऱ्याला हे लव्हाळ्यावरून पटकन कळते. वरचे पाते वाळले म्हणजे लव्हाळा मेला असे आपण कोणी म्हणत नाही, खाली गाठी शिल्लक असतात. ओल मिळाली की आठ दिवसांत रान हिरवे. पीएसए खाली येणे म्हणजे पाते वाळणे. काही रुग्णांना डॉक्टर स्वतः मधे विश्रांती देतात, पण ती तपासणीचे आकडे समोर ठेवून. आपण घरी बसून दिलेली विश्रांती वेगळी.

आता अंगातल्या वाफा. छातीतून एकदम उष्णता वर चढते, चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत उतरते आणि मागाहून थंडी वाजते. इंजेक्शन घेणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांना हे होते. आबांना वाटले ताप मुरलाय. त्यांनी मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणून खाल्ल्या. घरात हे ओळखले ते काकूंनी. त्या म्हणाल्या, "अहो, पाळी जाताना माझं असंच व्हायचं की. चुलीपुढं बसवत नव्हतं." अगदी बरोबर. बाईचे संप्रेरक कमी होताना जे घडते तेच इथे पुरुषाचे संप्रेरक तुटल्यावर घडते. ज्या घरात बाईने ही पाच-सात वर्षे गुपचूप काढली, तिथे या दुखण्याचा जाणकार माणूस घरातच आहे. त्या वेळी तिला कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

काकूंनी केलेले उपाय डॉक्टरांनाही मान्य झाले. नायलॉनची बनियन बंद, पातळ सुती कपडे. रात्री जाड वाकळेऐवजी दोन पातळ चादरी, म्हणजे एक सारता येते. उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा. उकळता चहा जरा निवू द्यायचा, तिखट रस्सा रात्री नको, आणि दारू तर नकोच, कारण तिने वाफा हटकून वाढतात. कशानंतर वाफ येते हे आठवडाभर लिहून ठेवले की आपले कारण आपल्याला सापडते. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडे यावर गोळ्या आहेत. झोप मोडते इतका त्रास असेल तर तो सांगायचाच. 'एवढ्याशासाठी काय सांगायचं' म्हणून बसलेला माणूसच पुढे इंजेक्शन चुकवतो.

थकव्याचे गणित लोकांना उलटे वाटते. दमलो म्हणून बसलो तर थकवा वाढतो. टेस्टोस्टेरॉन तुटले की स्नायू झडतात, पोटावर चरबी चढते, रक्तही थोडे कमी होते. यावर आजवर सर्वात खात्रीचा ठरलेला उपाय व्यायाम हाच आहे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे घाम येईल असे चालणे, आणि दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला रेटून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे. 'आम्ही रानात राबतोच की' असे कोणी म्हणेल. पण मोटार चालू करून बांधावर बसणे म्हणजे राबणे नव्हे, हे आम्ही सांगायला नको. ज्यांच्या हाडात रोग उतरला आहे त्यांनी मात्र कोणता व्यायाम चालेल हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नये. खताचे पोते तर नाहीच नाही.

त्या तिघांतल्या दुसऱ्या सभासदांनी जे बोलून दाखवले ते इथे लिहावे की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. लिहायचे ठरले. ते म्हणाले, "मला खच्ची केल्यागत झालंय." शब्द कडू आहे, पण शेतकऱ्याच्या तोंडी दुसरा कोणता येणार? इच्छा मरते, ताठरता जाते, काहींना छातीला गाठीसारखी सूज येऊन दुखते. हे औषधाचे काम आहे, माणसाचा दोष नाही. इंजेक्शन थांबल्यावर संप्रेरक हळूहळू परत येऊ शकते, त्याला कित्येक महिने लागतात, आणि उतारवयात ते पुरते येईलच असे नाही. हे बायकोला सांगितले पाहिजे. न सांगितले तर तिला वाटते नवरा आपल्यावर रुसला. हा रोग जवळ झोपल्याने, स्पर्शाने किंवा संबंधाने लागत नाही, तेव्हा वेगळ्या खोलीत खाट टाकायचे कारण नाही. छातीच्या सुजेवर सुरुवातीलाच सांगितले तर उपाय होतो, जुनी झाली की कठीण जाते. एकाच बाजूला कडक गाठ लागली तर ती वेगळी दाखवावी.

त्याच सभासदांनी पुढे स्वतःच हसून सांगितले, "पण एक हाय, नांगर वढतो तो खच्ची केलेलाच बैल. दावणीला बांधून ठिवला तर मातूर तो बी बसतोय." वर आम्ही व्यायामावर जे लिहिले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

या लाजेचा फायदा घेणारेही बाजारात आहेत. 'ताकद वाढवा' म्हणून पुड्या आणि मर्दानी गोळ्या मिळतात. त्यांत पुरुषी संप्रेरकाची भेसळ असण्याचा धोका असतो. म्हणजे एका हाताने पाणी तोडायचे आणि दुसऱ्या हाताने लव्हाळ्याला पाट फोडायचा. अशा वस्तूंना हात लावू नये, आणि कोणतेही जडीबुटीचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांपुढे न लपवता ठेवावे.

हाडांचे नुकसान दिसत नाही म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात हाडे सर्वात वेगाने विरळ होतात. दुखत काहीच नाही. मग एके दिवशी ओल्या बांधावरून पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. अन्नातून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, पेलाभर गाईच्या दुधात दोनशेच्या वर, आणि तिळात तर भरपूर. नाचणीची भाकरी, ताक, दही, तिळाची चटणी हे कोणाला महाग नाही. आपण मात्र सगळे दूध डेअरीला घालतो आणि घरात काळा चहा पितो. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून कमी असेल तर त्याची गोळी घ्यावी. मुतखडा झालेल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू हाडांचीही वैरी आहेत.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने काहींना देतात. ती सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत, किडका दात काढायचा असेल तर आधीच काढावा. या औषधांवर असताना दात उपटला तर क्वचित जबड्याचे हाड बरे न होता उघडे पडते. मिश्रीने दात गेलेल्या आपल्या भागात ही सूचना किरकोळ समजू नये.

आणि पडायचे नाही, हेही औषधच. रात्रीची वीज आली की पाण्याला जायचे ही आपली सवय. ज्यांचे इंजेक्शन चालू आहे त्यांनी ती पाळी मुलाकडे द्यावी. द्यायला कोणी नसेल तर चांगली बॅटरी, काठी आणि घट्ट बूट.

आता साखर. साखर कारखान्याच्या अंकात 'साखर कमी खा' असे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिणे भाग आहे. या उपचारात रक्तातली साखर, चरबी आणि वजन वाढते, हृदयावर भार येतो. मधुमेह आधीच असेल तर जास्त जपावे लागते. उपचाराआधी आणि नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी साखर, चरबी, रक्तदाब आणि कमरेचा घेर पाहावा. सवलतीची साखर घरी न्यावी, पण कपातला चमचा निम्मा करावा. गूळ म्हणजे साखर नव्हे असे समजणारे बरेच आहेत. रक्ताला तो फरक कळत नाही.

ॲबिराटेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर त्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात, आणि सोबतची प्रेडनिसोलोन एकदम बंद करायची नसते. रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृत यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करावी.

मनाविषयी घरच्यांना सांगतो. संप्रेरक तुटले की माणूस चिडतो, विसरतो, डोळ्यांत पाणी येते. कधी नव्हे तो बाप पोराच्या लग्नात कोपऱ्यात बसून रडतो. हे नाटक नव्हे. झोप उडाली, जेवण सुटले, 'आता कशाला जगायचं' असे शब्द आले तर ते हसण्यावारी नेऊ नयेत. सरळ विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते. आणि तणनाशकाचे, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. हे आम्ही विचार करून लिहिले आहे.

थांबू नये अशी तीन लक्षणे आहेत. पाठीत नव्याने जोराची कळ येऊन पाय जड किंवा बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा लघवी अजिबात न होणे, आणि छातीत कळ येऊन धाप लागणे. पायातली शक्ती जाऊ लागली तर मणक्यात नस दाबली जात असते, आणि तिथे दिवस नव्हे तर तास मोजायचे असतात. आबांच्या मुलाने त्याच संध्याकाळी गाडी काढली म्हणून काठीवर निभावले.

खर्चाचे विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारावे. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू द्यावे.

आबांच्या घरी आता खताच्या दुकानाच्या दिनदर्शिकेवर दोन रंगांच्या खुणा आहेत. निळी उसाच्या पाण्याच्या पाळीची, लाल इंजेक्शनची. लाल खूण काकू करतात, आणि डॉक्टरांच्या खोलीतही आता त्या बरोबर बसतात. मागच्या खेपेला आबा 'सगळं बरं हाय' म्हणून उठायला लागले, तेव्हा काकूंनी पिशवीतून वाफांची वही काढून टेबलावर ठेवली.