येताना स्वागत, सोंग देताना परीक्षा

शंका-समाधान : भारूड आणि भजन

शंका : आमच्या गावात सोंगी भारुडाचं जुनं मंडळ आहे. सप्त्यात, जत्रेत आमचा कार्यक्रम असतो. यंदा मोबाइलवर भारुडं पाहून बरीच पोरं शिकायला आली. ज्येष्ठ टाळकरी म्हणतात, ‘यांना ठेका धरता येत नाही, चाल माहीत नाही. घेतलं तर मंडळाचं नाव जाईल.’ परत पाठवावं, तर मंडळ आमच्याबरोबरच संपेल. काय करावं?
— एक मंडळप्रमुख, ता. सोनपेठ

समाधान : पोरांना घ्या, सगळ्यांना घ्या. ज्येष्ठांची काळजी खरी आहे. फक्त परीक्षेची वेळ बदला. ती मंडळात येताना नको, सोंग देताना घ्या.

याची सोय भारुडातच आहे. पुढे सोंग घेणारे एक-दोघे, मागे पखवाज, पेटी आणि टाळकऱ्यांची रांग. त्या रांगेत माणूस कधीच जास्त होत नाही. नवख्याचा चुकलेला टाळ जाणत्यांच्या ठेक्यात सांभाळला जातो आणि तेवढ्यात त्याचा कान तयार होतो. म्हणून टाळ आणि धृपद पहिल्या दिवसापासून कुणालाही द्या. दुसरी पायरी, सोंगाला उलटसुलट प्रश्न विचारणाऱ्या साथीदाराची. तिसरी, तालमीत छोटं सोंग. चौथी, सप्त्यात लोकांसमोर.

प्रत्येक पायरीची अट सर्वांना आधीच सांगा. धृपद पाठ हवं, ठेका सुटता कामा नये, या अटी तुम्ही घालालच. त्यांत एक अट माझी घाला : सोंग मागणाऱ्याला त्या भारुडाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, गारुडी अशी ओळखीची माणसं घेतली आणि त्यांच्या आडून परमार्थ सांगितला. त्यांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध. हे ज्याला उमगलं नाही, तो विंचू चावल्यावर नुसता विव्हळतो. लोक हसतात आणि घरी जातात. मंडळाचा दर्जा खरा घसरतो तो इथे.

ज्येष्ठांनाही काम द्या. एकेका पोराशेजारी तालमीत एकेक जाणता टाळकरी उभा करा. चूक कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन सांगावी, चारचौघांत नव्हे. जपानी ‘नो’ नाट्याचे आचार्य झेआमी यांनी सन १४००च्या सुमारास आपल्या ग्रंथात शिकवण्याचा हाच धागा धरला आहे. शिकाऊ मुलाला सुरुवातीलाच ‘हे चांगलं, ते वाईट’ म्हणून फार टोकू नये, नाहीतर त्याचा उत्साह मावळतो आणि कलाही तिथेच थांबते, असं ते सांगतात.

शंका : मला गवळणी, भारुडं चालीसकट येतात. गावच्या मंडळात मला बसू देतात, पण सोंग मागितलं की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात. मी काय करू?
— एक भगिनी, सोनपेठ

समाधान : ताई, ‘मला सोंग द्या’ असं म्हणण्याऐवजी ‘सोंगासाठी अट काय आहे, ती सांगा’ असं तालमीत सर्वांसमोर विचारा. अट सांगितली गेली की ती तुम्हाला पुरी करून दाखवता येते. मंडळाच्या प्रमुखांनाही माझं सांगणं आहे : जी अट तुम्ही उघड सांगू शकत नाही, तिला दर्जा म्हणू नका. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी भारुडात सोंगं घेऊन नाव मिळवलं. आणि तुमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली, तरी संतमंडळीत तिच्या अभंगांना मान मिळाला. ज्या मुलखाने जनाबाई दिली, त्या मुलखातल्या मंडळाने बाईला मागच्या रांगेत अडकवून ठेवू नये.

शंका : आमच्याकडच्या एका नव्या मुलाला भरपूर टाळ्या मिळतात. पण तो मध्येच सिनेमातले संवाद घुसडतो, द्व्यर्थी बोलतो. काढून टाकावं का?
— एक पखवाजवादक, परभणी

समाधान : काढू नका. लोकांना धरून ठेवण्याचं अंग त्याच्यात आहे, ते शिकवून येत नाही. बतावणीत, म्हणजे मधल्या बोलण्यात, आजचे विषय आणायला भारुडात मुभा आहेच. दारूबंदी, हुंडा, स्वच्छता हे विषय भारूडकारांनी गावोगाव नेले. कसोटी एवढीच : विनोदातून तो मूळ अर्थाकडे आणि धृपदाकडे परत येतो का? येत असेल तर सिनेमाचा संवादही चालेल.

द्व्यर्थी बोलणं मात्र बंद. कुणाच्या जातीवर, व्यंगावर, बाईमाणसावर हसवणंही बंद. नाथांनी आंधळा, बहिरा, मुका ही सोंगं लिहिली आणि ‘जोहार’ या भारुडांत महाराच्या तोंडून परमार्थ सांगितला. समाजाने दूर ठेवलेल्याला त्यांनी बोलायला जागा दिली, थट्टेला नव्हे. मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा. तरी ऐकलं नाही, तर काही कार्यक्रम टाळकऱ्यांत उभा करा आणि पुन्हा संधी द्या. हाच नियम मंडळातल्या जुन्या, नावाजलेल्या सोंगाड्यालाही लावा. जुन्याला सूट आणि नव्याला शिक्षा असं दिसलं, की पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

पुढचा सप्ता लागण्याआधी पायऱ्या आणि अटी एका कागदावर लिहा आणि पहिल्या तालमीत मोठ्याने वाचून दाखवा. नव्यांना वाट दिसेल, जुन्यांची धास्ती कमी होईल.